ताईच्या लॉन्ड्रीचं पाणी

नदीवर पूल झाला आणि नावाड्याचा धंदा बसला. तोवर गावातून पलीकडच्या खालच्या वस्तीत जायचं तर त्याच्या नावेशिवाय गत्यंतर नव्हतं. नवरीपासून शेळीपर्यंत सगळ्यांना त्याने पैलतीरी पोचवलं होतं. पूल झाल्यावर लोक चार दिवस हळहळले आणि पाचव्या दिवसापासून पुलावरून जाऊ लागले. त्यात त्यांचंही काही चुकलं नव्हतं. नाव काठावर पालथी पडून राहिली, नावाडी घरी पडून राहिला, आणि त्याला ‘नावाडी’ म्हणायची सवय मात्र गावाची सुटली नाही.

त्याच सुमाराला नगरपालिकेने गावाच्या उतारावर, नदीला लागून, सांडपाणी साफ करायचं केंद्र बांधलं. दोन मोठ्या टाक्या, एक पंपघर, गाळ वाळवायचे वाफे आणि सभोवती तारेचं कुंपण. तिथे माणूस हवा होता. जाहिरात लागली, पण अर्ज येईना. गावाचं संडास-मोरीचं पाणी दिवसभर राखत बसायचं, हे ऐकूनच लोक नाकाला पदर लावत.

नावाड्याला तिथे धाडलं ते त्याच्या ताईने.

ही ताई म्हणजे त्याची आईच म्हणायची. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताई परकर नेसून शाळेत जात होती. शाळा सुटली ती तिचीच. पुढे तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि त्याच्या मागे त्याची लॉन्ड्री तिच्या गळ्यात पडली. तिने ती अशी चालवली, की तिच्या चादरीवर बसायचं तर माशीसुद्धा पाय पुसून बसते, असं गावात म्हणत. दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे, दोन्ही लॉजच्या चादरी तिच्याकडे, हाताखाली पाच बाया. आवाज असा, की इस्त्री तापायच्या आधी माणूस तापावा.

“घरात बसून भिंतींना काय वल्हवतोयस?” ती म्हणाली. “नदीवर काय आणि टाकीवर काय, पाणीच सांभाळायचं आहे ना? जा.”

नावाडी गेला. त्याच्या बायकोने मागच्या दाराशी एक बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवायला सुरुवात केली. कामावरचे कपडे उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत, एवढाच तिचा नियम.

काम शिकवायला जिल्ह्याच्या गावाहून एक इंजिनीअरबाई येत. पायात गमबूट, केसांना रुमाल, आणि बोलणं सरळ. पहिल्या दिवशी त्यांनी नावाड्याला जाळीपाशी नेलं. गटारातून येणारं सगळं आधी त्या जाळीला अडायचं आणि ते लोखंडी पंजाने ओढून बाहेर काढायचं. चिंध्या, केस, प्लास्टिक, कंगवे. एकदा दातांची अख्खी कवळी निघाली. नावाड्याने ती धुऊन फाटकाला टांगली आणि खाली पाटी लावली, ‘ज्याची असेल त्याने न्यावी’. कोणी आलं नाही. महिनाभर गावातले म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे निरखून पाहत होते, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला मोठ्या टाकीच्या कठड्यावर उभं केलं. टाकीत तळाशी हवा सोडली होती आणि तपकिरी पाणी खदखदत होतं.

“हा चिखल वाटतो का तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“वाटतो कशाला? आहेच.”

“जिवंत आहे तो. ह्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, अगणित. गावाची घाण हे त्यांचं खाणं. ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून जड होतात आणि पुढच्या टाकीत तळाशी बसतात. वर राहतं ते नितळ पाणी. पाणी आपण साफ करत नाही, ते करतात. आपण फक्त गोठा सांभाळायचा. हवा द्यायची, खाणं बेताचं ठेवायचं आणि विष जाऊ द्यायचं नाही.”

गोठा म्हटल्यावर नावाड्याच्या ध्यानात आलं. मग तो रोज सकाळी काचेच्या उंच बरणीत टाकीतलं पाणी भरून कठड्यावर ठेवी आणि बिडी ओढत बसे. बिडी संपेस्तोवर तपकिरी गाळ खाली बसलेला असे आणि वर काचेसारखं पाणी. वास म्हणाल तर ओल्या मातीचा. हे त्याने बायकोला सांगून पाहिलं, पण तिचा विश्वास बसला नाही.

अशी काही वर्षं सुखाने गेली. खालच्या वस्तीतल्या बाया पुन्हा नदीवर भांडी घासायला येऊ लागल्या. कोळीण तिथे जाळी लावू लागली. ही कोळीण नावेच्या दिवसांपासून त्याच्या ओळखीची. टोपली मोठी आणि भाडं द्यायचा हात आखडता, असं तो तिला चिडवायचा.

एका सकाळी बरणीतला गाळ बसेना. बिडी संपली, दुसरी पेटवली, तरी पाणी गढूळच. टाकीवर पांढरा फेस चढला होता आणि तपकिरी रंग विटका पडला होता. नावाड्याला वाटलं, हवेचं यंत्र बिघडलं. त्याने ते उघडलं, पुसलं, पुन्हा लावलं. यंत्र ठणठणीत होतं. संध्याकाळपर्यंत केंद्रातून नदीत पडणारं पाणी डाळ धुतलेल्या पाण्यासारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी घाण वास सुटला.

बाई आल्या. गाळ बोटांवर चोळून पाहिला, नाकाशी नेला. “मेलेत,” म्हणाल्या. दुसऱ्या गावच्या केंद्रातून टँकर भरून जिवंत गाळ आणवला आणि टाकीत सोडला. विरजण लावल्यासारखाच प्रकार. आठवडा-दोन आठवड्यांत टाकी सावरली. बरणी पुन्हा नितळली. आणि मग एका सकाळी पुन्हा तोच पांढरा फेस.

त्या दुपारी कोळीण बादली घेऊन केंद्राच्या फाटकात आली. बादलीत मासे होते, पोटं वर करून.

“हे काय आणलंस?” नावाड्याने विचारलं.

“तुझ्याकडूनच आलेत, परत द्यायला आले,” ती म्हणाली. “वस्तीत पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे. विहीर नदीच्या काठाला आहे हे तुला वेगळं सांगायला नको. नाव होती तेव्हा कुणाला बुडवलं नाहीस रे. आता काय आरंभलंयस?”

तिने बादली तिथेच ठेवली आणि गेली. नावाड्याने मासे वाफ्याशेजारी खड्डा करून पुरले आणि बादली धुऊन तिच्याकडे पोचती केली. परत येऊन त्याने बाईंना फोन लावला.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” बाई म्हणाल्या. “गावातलंच कुणीतरी वरून काहीतरी सोडतंय. फेसावरून मला ब्लीचचा संशय येतो. तुम्ही झाकणं उघडून माग काढा. मी कागदाच्या पट्ट्या पाठवते. पाण्यात बुडवली आणि रंग चढला, की समजायचं.”

नावाडी पहार आणि पट्ट्यांचं पाकीट घेऊन निघाला. केंद्रापासून वर चढत, रस्त्यातलं एकेक झाकण उचकटायचं, काठीला बांधलेली पट्टी खाली सोडायची, वर ओढून पाहायची. लोक दारात येऊन विचारत, “काय हरवलं का?” तो म्हणे, “हो, गावाची अक्कल.” चौकात दोन गटारं येऊन मिळत होती, एक शाळेकडचं, एक बाजारातलं. शाळेकडच्या पट्टीवर काही नव्हतं. बाजाराकडच्या पट्टीवर जांभळा रंग चढला. तो बाजाराने वर गेला. पुढच्या झाकणाशी रंग गडद. त्याच्या पुढे बोळ लागत होता आणि बोळातल्या तीनच मोऱ्या त्या गटाराला जोडलेल्या होत्या. एक बेकरी, एक बंद पडलेलं चपलांचं दुकान आणि टोकाला ताईची लॉन्ड्री.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तरी तो पुढे गेला आणि शेवटचं झाकण उघडलं. पट्टी सोडायची गरजही पडली नाही. वासानेच डोळे चुरचुरले.

लॉन्ड्रीत शिरला तेव्हा वाफेने समोरचं दिसत नव्हतं. ताई मोठ्या टेबलाशी उभी राहून चादरीची टोकं जुळवत होती, पलीकडच्या टोकाला तिच्या हाताखालची एक बाई. कोपऱ्यात निळे कॅन रचलेले होते. ते त्याने पूर्वी पाहिले नव्हते.

“ताई, हे नवीन काय?”

“ब्लीच. कडक आहे. दवाखान्यात नवी मेट्रन आली आहे. डाग दिसला की सगळा गठ्ठा परत पाठवते. ह्याने रक्तसुद्धा निघतं. तुला चहा ठेवू?”

“धुतल्यावर पाणी कुठे सोडतेस?”

“मोरीत. डोक्यावर घेऊन नदीवर जाऊ?”

नावाड्याने मग सगळं सांगितलं. टाकी, गाळ, मासे, वस्तीतली पोरं. बाया हात थांबवून ऐकू लागल्या. ताईने ऐकून घेतलं, हातातली घडी पुरी केली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

“म्हणजे तुझ्या घाणीतल्या किड्यांच्या पोटात दुखू नये म्हणून मी आजाऱ्याच्या अंगाखाली डागाळलेली चादर घालू?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“काम माझ्या सांगण्यावरून धरलंस आणि आता माझ्याच मोरीत नाक खुपसतोस. ह्या पाच जणींच्या घरी चूल कशावर पेटते, ते त्या किड्यांना विचारून ये.”

चहा काही झाला नाही.

नावाड्याने दोनदा आणखी जाऊन पाहिलं. एकदा ती बोलली, एकदा तेही नाही. टाकी तिसऱ्यांदा मेली तेव्हा प्रकरण त्याच्या हातात राहिलं नाही. नगरपालिकेने नोटीस काढली. ताईने त्या नोटिशीने बॉयलर पेटवला. मग हुकूम निघाला, की लॉन्ड्रीचं गटार बंद करा. त्यासाठी रबराचा एक फुगा असतो. नळात सरकवून हवा भरली की तो टम्म फुगतो आणि थेंबही जाऊ देत नाही.

“तुम्ही राहू द्या,” बाई नावाड्याला म्हणाल्या. “घरचं माणूस आहे. मी दुसऱ्या कुणाला पाठवते.”

“नको,” तो म्हणाला. “परका माणूस गेला तर ती त्याला शिव्या देईल. तो उलट बोलेल. मग पोलीस येतील. मीच जातो.”

त्या सकाळी त्याच्या बायकोने त्याला डबा दिला, पण काही विचारलं नाही. नणंद आणि नवरा यांच्यामध्ये पडू नये, एवढं तिला कळत होतं.

बोळात दुतर्फा माणसं उभी होती. बेकरीवाला पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आला होता. ताई दारात, कमरेवर हात. नावाड्याने झाकण बाजूला केलं, पालथा पडून फुगा आत सारला आणि पंप मारायला लागला. पंपाचा फुसफुस आवाज तेवढा ऐकू येत होता.

“मार,” ताई वरून म्हणाली. “लहानपणी तुला सायकलचा पंप मारता येत नव्हता. आता शिकलास.”

त्याने मान वर केली नाही. हवा भरून झाली, त्याने कळ आवळली, झाकण लावलं, पहार उचलली आणि निघून गेला. त्याला काय वाटलं, हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला एवढंच कळलं, की डबा भरलेलाच परत आला.

ताईने यंत्रं बंद केली नाहीत. दुपारपर्यंत मोरी उलटी वाहू लागली आणि साबणाचं पाणी फरशीभर पसरलं. बाया चपला हातात घेऊन, साड्या खोचून बाहेर पडल्या. ताई घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून राहिलेल्या चादरी इस्त्री करत राहिली. गठ्ठा संपल्यावर तिने दिवा मालवला आणि दार लावलं.

गावात दोन तट पडले. सख्ख्या बहिणीचं गटार बुजवणारा भाऊ बघायला मिळाला म्हणून काहींनी त्याच्या नावाने बोटं मोडली. खालच्या वस्तीतल्यांनी त्याला शाबासकी दिली, पण ती शाबासकी त्याला पचली नाही. कोळीण मासे देऊ लागली तेव्हा ते त्याने परत केले.

तोडगा काढला तो इंजिनीअरबाईंनी. त्या एकट्याच लॉन्ड्रीत गेल्या, ताईने दिलेला चहा घेतला आणि मागच्या अंगणात फिरून आल्या. तिथे सासऱ्याच्या वेळची एक सिमेंटची टाकी रिकामी पडली होती. बाई म्हणाल्या, ब्लीचचं पाणी आधी ह्या टाकीत घ्या, उन्हात राहू द्या, वर ब्लीच मारणारी पूड टाका, आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू सोडा. चादरी पांढऱ्याच राहतील आणि केंद्राच्या टाकीतले जीवही मरणार नाहीत.

“हे तुमच्या त्या शहाण्याला आधी सांगता आलं नाही?” ताईने विचारलं.

“त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मी तुमचं अंगण पाहिलं नव्हतं.”

ताई कबूल झाली. नळजोडणीला नावाडी आला. ताई तिथेच उभी होती, पण त्याच्याशी बोलली नाही. बाईंकडे वळून म्हणाली, “त्याला सांगा, पाना चादरींवर ठेवू नको.” बाईंनी सांगितलं. नावाड्याने पाना उचलला.

तेव्हापासून हे सुरू झालं. ताईने भावाच्या घरी येणं सोडलं नाही. दर आठवड्याला ती पूर्वीसारखीच जेवायला येई. भांडण भावाशी, भावजयीच्या हातच्या जेवणाशी नाही, असा तिचा हिशेब. एकाच ताटलीतलं लोणचं दोघं घेत, पण बोलणं भावजयीमार्फत.

“तुझ्या नवऱ्याला सांग, दाढी वाढली आहे.”

“वन्सं, ते ऐकताहेत.”

“ऐकू दे. तू सांग.”

बायको सांगे. नावाडी म्हणे, “तिला सांग, उद्या करतो.” बायको तेही सांगे. सुरुवातीला तिला रडू यायचं, मग हसू येऊ लागलं, आणि शेवटी शेवटी तर ती निरोप थोडे बदलूनही सांगायची. ‘गाढवाला सांग’ याचं ‘वन्सं विचारताहेत’ होई. अशी वर्षांमागून वर्षं गेली. टाकी पुन्हा मेली नाही.

मग ताई ओल्या फरशीवरून घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. लॉन्ड्री तिने बायांच्या हवाली केली आणि नावाडी तिला आपल्या घरी घेऊन आला. खिडकीशी खाट टाकली. बोलणं त्याच वाटेने चालू राहिलं, फक्त आता दिवसभर.

बायकोने ते काही दिवस सोसलं. एका सकाळी तिने पिशवी भरली.

“माहेरी चालले,” ती दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आईला बरं नाही. तिला बरं आहे की नाही, ते तिथे गेल्यावर बघते. तुमचं बोलणं तुम्ही बघा.”

पहिला दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. दुसऱ्या सकाळी नावाड्याने चहा करून ताईच्या उशाशी ठेवला. तिने घोट घेतला आणि खिडकीकडे पाहून म्हणाली, “ह्या घरात साखर संपलेली दिसते.”

नावाडी चुलीकडे पाहून म्हणाला, “डबा वरच्या फळीवर आहे. तिथे हात पोचतो तो माणूस माहेरी गेलाय.”

“स्टूल घे की मेल्या,” ताई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

त्याने स्टूल घेतलं, डबा काढला, तिच्या कपात साखर घातली आणि ढवळून दिली. तिने चहा संपवला. कप खाली ठेवून ती म्हणाली, “त्या दिवशी तू स्वतः आलास ते बरं केलंस. दुसरा कुणी असता तर मी त्याच्या डोक्यात इस्त्री घातली असती.”

“म्हणूनच आलो.”

“पण वर बघितलं नाहीस.”

“नाही,” तो म्हणाला. “मग पंप मारता आला नसता.”



बायको परत आली तेव्हा घरात पंख्याच्या वेगावरून कडाक्याचं भांडण चालू होतं, थेट, मध्ये कुणी नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि हातपाय धुवायला गेली.

हिंडण्याफिरण्याइतकी बरी झाल्यावर ताईने केंद्र पाहायचा हट्ट धरला. नावाड्याने रिक्षा आणली, तिला हाताला धरून कठड्यापर्यंत नेलं. ताईने खदखदती तपकिरी टाकी पाहिली आणि पदर नाकाला लावला. थोड्या वेळाने तिने पदर काढला, पुन्हा वास घेतला. मग त्याने तिला शेवटच्या टाकीपाशी नेलं. तिथे कडेवरून नितळ पाणी पातळ पडद्यासारखं ओघळून नदीकडे जात होतं.

“ह्यात चादर धुता येईल?” तिने विचारलं.

“नाही. तेवढं शुद्ध नसतं.”

“प्यायला?”

“छे.”

“मग काय कौतुक सांगतोस एवढं?”

“मासे जगतात,” नावाडी म्हणाला.

ताईने खाली नदीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर कोळीण गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळं झटकत होती. ताईला ती ओळखू आली नाही, आणि नावाड्याने सांगितलंही नाही. “माझे पाय दुखताहेत,” ती म्हणाली. “रिक्षा थांबलीये ना?”

त्यानंतर ती आणखी काही वर्षं जगली आणि झोपेतच गेली. लॉन्ड्री त्या पाच जणींतल्या तिघी चालवतात. अंगणातल्या टाकीला त्यांनी पत्र्याचं झाकण केलं होतं. पण ऊन लागायला हवं, म्हणून नावाड्याने ते काढायला लावलं, आणि त्यांनी थोडी कुरकुर करून काढलं.